कोमट दूध

सोमवार, ४ तारीख

एकोणीस दिवसांनी आज हिला घरी आणलं. रुग्णवाहिकेतल्या पोरांनी दोन जिने स्ट्रेचर चढवताना एकदा भिंतीला धडकवलं. मी ओरडलो, तर त्यातला एक म्हणतो, "काका, तुम्ही येऊन धरता का?" माझ्या गुडघ्यांना मीच पेलवत नाही.

ही वही नर्सबाईंनी दिली. किती वाजता किती फीड दिलं, ताप किती, पोट कसं, ते डाव्या पानावर लिहायचं. उजवं पान कोरं राहतं आणि कोरं पान मला बघवत नाही, म्हणून तिथं मी माझं लिहिणार. नाहीतरी आता बोलायचं कुणाशी? अर्धांगाच्या झटक्यात हिचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणं गेलं. डोळे आणि डावा हात तेवढा हिच्या हुकमात आहे. नाकातून पोटात नळी. पावडर आणि दुधाचं फीड सिरिंजने द्यायचं, सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री नऊ.

निघताना नर्सबाईंनी पाढे म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. हात साबणाने धुवा, दर वेळी ताजं करा, उरलेलं ओतून द्या, केलेलं बाहेर ठेवू नका, सिरिंज उकळलेल्या पाण्यानं धुवा. मी म्हटलं, "बाई, दूध चांगलं की वाईट हे मला शिकवू नका. एकतीस वर्षं डेअरीच्या दारात उभा राहून कॅन हुंगलेत. झाकण उघडलं की सांगायचो, हे आत, हे परत. मला तिथं नावच 'नाक' पडलं होतं."

त्या म्हणाल्या, "काका, वास यायच्या आधीच जंतू झालेले असतात."

मी मान डोलावली. नवीन पोरी आहेत, पुस्तकात असतं ते बोलतात.

मंगळवार, ५ तारीख

दिवसाची बाई आली. आठ ते सहा. वय पस्तिशीच्या आतबाहेर, पण आल्या आल्या मला आजोबा आणि हिला आजी करून टाकलं. पर्स खुंटीला अडकवायच्या आधी विचारते, "आजोबा, हात धुतले?" म्हटलं धुतले. "मला दिसले नाहीत. परत धुवा." माझ्याच घरात! मी तिचं नाव फौजदार ठेवलं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसली. पहिल्यांदाच, गेल्या तीन आठवड्यांत.

धुतले हात. हल्लीच्या साबणांत काही राम राहिलेला नाही. नुसता फेस, वास म्हणून नाही.

शुक्रवार, ८ तारीख

माझी पद्धत बसली. पहाटे उठून दूध उकळतो, पावडर घालतो, दिवसभराचं एकदम करून स्टीलच्या जारमध्ये भरतो. जार गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतो म्हणजे फीड कोमट राहतं. फ्रिजमधलं थंडगार दूध थेट पोटात गेलं तर हिला काय वाटेल? तोंडात असतं तर थोडं कोमट तरी झालं असतं, नळीत कुठलं कोमट होणं. हिला थंड कधीच सोसलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सरबत दिलं तेव्हाही आधी ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती.

सहाचं मी देतो, दिवसाची फौजदार देते. द्यायच्या आधी झाकण उघडून वास घेतो. स्वच्छ असतं. मग देतो.

फौजदारला हे पसंत नाही. "आजोबा, हे असं कोमट ठेवलेलं चालत नाही. चार तासांच्या वर तर नाहीच." मी म्हटलं, "तुझं जेवढं वय तेवढी माझी नोकरी झाली या कामात." तिनं तोंड असं केलं की जणू मीच पोरगा आणि तीच आजी.

ही बरी आहे. गालांवर जरा रंग आलाय. आज मी वर्तमानपत्र वाचून दाखवताना डाव्या हातानं माझा हात दाबला. अडतीस वर्षांत चारचौघांत कधी हात धरला नाही आम्ही. आता घरात कुणी नाही, तर धरते.

मंगळवार, १२ तारीख

खालचा शिंपी धावत वर आला. म्हणतो, जिन्यात गॅसचा वास मारतोय, तुमचा चालू राहिलाय का? गेलो बघायला तर खरंच, बटण अर्धवट उघडं, जाळ नाही. फौजदार औषधं आणायला गेली होती. शिंप्याने खिडक्या उघडल्या, मला म्हणाला, "काका, तुम्ही इथंच बसला होता ना? कळलं नाही?" म्हटलं, माझं लक्ष हिच्याकडे होतं. लक्ष नसलं की माणसाला काही कळत नाही, त्यात काय नवल? शिंपी माझ्याकडे उगाच बघत राहिला.

बुधवार, १३ तारीख

पावडरचा डबा संपला. वीस दिवस जायला हवा होता, नऊ दिवसांत खडखडाट. दूधही रोज जास्त लागतंय. आणि सकाळी मी जार भरतो तो संध्याकाळी बघावा तर रिकामा, धुऊन पालथा घातलेला! पाच वेळचं फीड मी मोजून करतो. नऊचं उरायलाच हवं. रोज रात्री मला नव्यानं करत बसावं लागतं.

कुणावर आळ घेऊ नये. पण दोनात दोन मिळवता मलाही येतात. फौजदारच्या घरी लहान पोरं आहेत, ती स्वतःच बोलली होती.

रविवार, १७ तारीख

आज सोक्षमोक्ष लागला. जारला बाहेरून पेनानं खूण केली होती. आंघोळ करून आलो तो जार रिकामा. विचारलं, दूध कुठं गेलं?

"ओतून दिलं."

"कुठं?"

"मोरीत. मी दर वेळी ताजं करते, आजोबा. आजींना तेच देते. तुम्हाला सांगून पटत नाही म्हणून सांगत नव्हते."

लिटरभर दूध मोरीत! डेअरीत एक कॅन परत पाठवताना माझा जीव तुटायचा, आणि ही म्हणते मोरीत ओतलं. कोण विश्वास ठेवील? म्हटलं, "मोरीत की डब्यात भरून घरी?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. हिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, पर्स घेतली, दारात म्हणाली, "उरलेलं देऊ नका एवढंच ऐका." चोर तो चोर वर शिरजोर.

ही डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत होती. तिला मी नीट समजावलं. माणसं अशीच असतात, म्हटलं. तिनं डोळ्यांतून पाणी काढलं. सवय झाली होती तिला त्या बाईची, दुसरं काय.

मंगळवार, १९ तारीख

सगळं एकहाती करतोय आणि छान चाललंय. वाया जाणं बंद. रात्रीचं उरतं त्यात सकाळी ताजं मिसळतो, थेंब फुकट नाही. आता पावडर वीस काय, पंचवीस दिवस जाईल.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, दुसरी बाई शोधू का?" म्हटलं, मी मेलोय का? ती म्हणाली, "तसं नाही हो." तिच्या आवाजावरून वाटलं, तिला माझी काळजी वाटते. आईची वाटायला हवी. मी ठणठणीत आहे.

बुधवार, २० तारीख

आज हिनं हट्ट केला. दहाचं फीड द्यायला बसलो तर डाव्या हातानं सिरिंज ढकलली. अर्धं माझ्या सदऱ्यावर. मला वाटलं चुकून. पुन्हा भरली, पुन्हा ढकलली. तोंड फिरवलं, नाकपुड्या फुगवल्या. पुन्हा एकदा जार उघडून वास घेतला, काहीही नाही, स्वच्छ. "अगं, तोंडाला लागतसुद्धा नाही, मग कशाला नखरे?" असं जरा चढ्या आवाजात बोललो. मग वाईट वाटलं. हात धरून ठेवला आणि दिलं.

डॉक्टर म्हणालेच होते, या आजारात माणसं चिडचिडी होतात.

गुरुवार, २१ तारीख

पोट बिघडलं. सकाळपासून पाच वेळा चादर बदलली. लेकीला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. शिंपी दारात आला होता, आत न येता तिथूनच म्हणाला, "काका, खिडकी उघडा, कोंदट झालंय." खिडकी उघडी होती.

त्या बाईनं काय काय दिलं असेल कोण जाणे, त्याचा परिणाम आता दिसतोय. आम्ही आपलं निस्तरतोय.

आणि हाताचं ते तसंच. दर फीडला ढकलणं. नळी ओढून काढली तर? परत दवाखाना, परत ती सगळी तडफड. शेवटी माझ्या जुन्या सदऱ्याची मऊ पट्टी फाडली आणि फीडपुरता हात मनगटापाशी पलंगाला बांधला. सैल बांधला, दोन बोटं जातील इतका. बांधताना म्हटलं, "तुझ्याच भल्यासाठी गं." ती माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला सोसवेना, म्हणून मी सिरिंजवरच्या रेघांकडे बघत फीड दिलं.

शनिवार, २३ तारीख

ताप. एकशे दोन. थंडी वाजून येतो. जुलाब चालूच. फीड वाढवलं, अंगात शक्ती जायला हवी. आता ढकलत नाही. हात सोडला तरी पडून राहतो.

लेकीला कळवलं. सकाळच्या गाडीनं निघते म्हणाली.

सोमवार, २५ तारीख

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. काल लिहायचं झालं नाही.

लेक काल सकाळी नऊ वाजता आली. दार उघडलं तशी उंबऱ्यातच थांबली, पदर नाकाला लावला. "बाबा, हा वास कसला?" मी म्हटलं, आईचं पोट बिघडलंय, चादरींचा असेल. ती सरळ आईपाशी गेली, कपाळाला हात लावला, जिभेकडे पाहिलं. जीभ कोरडी पडली होती. मग टेबलावरच्या पातेल्यातला जार उचलला, झाकण काढलं आणि तोंड बाजूला केलं.

"हे तुम्ही आईला देताय?"

"आत्ता सहाला दिलं. का? चांगलंय. मी वास घेतला ना."

तिनं जार माझ्या नाकाखाली धरला. मी मोठा श्वास घेतला. काहीच नाही. पाण्यासारखं. मी म्हटलं, बघ, काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मोरीतून फिनाईलची बाटली आणली, बूच काढून धरली. "आणि हे?"

काही नाही.

मग घासलेटची बाटली, मग साबणाची वडी. मी मुलासारखा एकामागून एक हुंगत होतो. वर्ष-दोन वर्षांपूर्वी तो मोठा सर्दीताप झाला होता. तेव्हापासूनच असेल का? जेवणाला चव नाही म्हणून मी हिच्याशी किती भांडलोय. मीठ विसरतेस म्हणायचो.

रुग्णवाहिका येईपर्यंत लेकीनं आईचे कपडे बदलले. डाव्या मनगटावर लाल रेघ होती. "हे काय?" मी सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ती का ढकलते, हे तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

नाही वाटलं. खरंच सांगतो. एकदाही नाही.

मंगळवार, २६ तारीख

डॉक्टर आज बोलले. जंतू रक्तात गेलेत. अंगातलं पाणी संपलं होतं, मूत्रपिंडांवर ताण आलाय. अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही.

मी सगळं कबूल केलं. पातेलं, कोमट पाणी, रात्रीच्यात सकाळचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, डेअरीत होतात ना? दह्यासाठी दुधाला काय लावता?"

"विरजण."

"तेच. तुम्ही रोज सकाळी विरजण लावत होतात. आणि वासाचं म्हणाल, तर नाक शाबूत असतं तरी पहिले कित्येक तास काहीच कळलं नसतं. म्हणून तर घड्याळ बघायचं असतं."

वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं. काचेतून बघितलं, ही ओळखू येत नव्हती. एकतीस वर्षं लोकांच्या मुलाबाळांसाठी दूध तपासलं आणि घरच्या माणसाला विष घातलं. लेक म्हणते असं बोलू नका. मग काय बोलू?

शुक्रवार, २९ तारीख

ताप उतरला. लघवी होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, तुमचं नशीब. नशीब माझं कुठलं, चिवटपणा हिचा. शिंपी जेवणाचा डबा घेऊन आला होता. मी घास खाल्ला आणि रडायला लागलो. तो बिचारा म्हणाला, "तिखट झालंय का?"

रविवार, ८ तारीख

उद्या हिला घरी सोडणार. लेक महिनाभर राहणार आहे, पण दिवसाला बाई हवीच. लेकीनं दुसरी बघते म्हटलं. मी म्हटलं, नाही, तीच. आणि मी जातो.

नाक मुठीत धरून गेलो. तिची खोली बाजाराच्या मागं, पत्र्याची, दारात दोन पोरांची चपला-बुटं. मला बघून ती उठलीच नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चोर म्हटलं त्याची माफी मागितली. तिनं फक्त एक विचारलं, "आजी कशा आहेत?"

मग म्हणाली, "तुमचं सकाळचं मी आजींना कधीच दिलं नाही. त्यांनीच मला शिकवलं ते. पहिल्या दिवशी जार जवळ नेला तर त्यांनी डोळे गच्च मिटले. मी वास घेतला, मला काही आला नाही. पण म्हटलं, नको तर नको. ओतलं आणि ताजं केलं, तेव्हा डोळे उघडे. त्यानंतर दर वेळी मी विचारूनच द्यायचे. जार नाकापाशी धरायचा, 'आजी, देऊ?' म्हणायचं. डोळे उघडे म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिथंच तर बसलेले असायचात, आजोबा."

खरं आहे. तिथंच, वर्तमानपत्र घेऊन. हिला बोलता येत होतं म्हणजे. मी सोडून सगळ्यांशी ती बोलत होती.

उद्यापासून येते म्हणाली. अट एकच, स्वयंपाकघरात तिचा शब्द शेवटचा. म्हटलं, तू फौजदार. तिला कळलं नाही, पण हसली.

मंगळवार, १० तारीख

हिला काल आणलं. निम्मी झालीय. पलंगावर ठेवल्यावर खोलीभर नजर फिरवली, लेकीवर थांबली, फौजदारवर थांबली. माझ्यावरून पुढं गेली. थकली असेल म्हटलं.

आज दहाचं फीड. फौजदारनं हात धुतले, मला धुवायला लावले, बोटांच्या बेचक्यांसकट. पाणी उकळून निवलेलं. पावडर तिनं मोजली, घड्याळात वेळ मी बघितली. एका वेळचं, तेवढंच. ती म्हणाली, "आज तुम्ही द्या, आजोबा. त्यांना बरं वाटेल."

मी खुर्ची ओढून बसलो. जार हिच्या नाकापाशी धरला, जसं सांगितलं होतं तसं. "देऊ?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले.

"अगं, आत्ता केलंय. तुझ्यासमोर केलंय. या बाईनंच केलंय." डोळे मिटलेलेच. डावा हात पांघरुणाखाली ओढून घेतला, हळूहळू, जेवढा ओढवला तेवढा.

फौजदारनं माझ्या हातातून जार घेतला आणि माझ्याच खुर्चीमागून वाकून विचारलं, "आजी, मी देऊ?" हिनं डोळे उघडले आणि उघडेच ठेवले.

तेच दूध. मी उठून जागा दिली.

फौजदार म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, दुपारी परत विचारा. दोनला विचारलं. सहाला विचारलं. नऊचं लेकीनं दिलं, तेव्हा मी बाहेरच बसून होतो.